निळीची दुसरी बाजू

रेकॉर्ड विकणाऱ्या माणसाला गाण्यातलं कळतं, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. मी तो कधी मोडला नाही. श्रीरामपूरच्या मेन रोडवर पोपटशेठच्या रेडिओच्या दुकानात शिरलं, की डाव्या हाताला रेकॉर्डचा काउंटर होता. त्याच्यामागे मी उभी राहायचे. कारखान्यातला साहेब येवो की टाकळीभानचा शेतकरी, "बाई, चांगलं काय आलंय?" हे तो मलाच विचारायचा. वडिलांनीसुद्धा मला कधी काही विचारून केलं नव्हतं. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मला दिवसभर पुरेल एवढा आनंद व्हायचा.

मिशनच्या शाळेत शिकलेली, लेबलवरचं इंग्रजी वाचता येणारी आणि बायकांच्या गिऱ्हाइकाशी नीट बोलणारी मुलगी शेठना हवी होती. मी रविवारी चर्चमध्ये गायचे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांना त्याचं काही घेणंदेणंही नव्हतं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता आणि बऱ्याच घरांत पहिल्यांदाच रेडिओग्राम येत होता. रेडिओग्राम म्हणजे पॉलिश केलेलं लाकडी कपाटच. आत रेडिओ आणि रेकॉर्ड वाजवायची सोय, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. गाणं ऐकायचं तर आधी फुलदाणी उचलावी लागायची, म्हणून बऱ्याच घरांत गाणं ऐकलंच जायचं नाही.

आमच्या धंद्यात खरं कौशल्य गिऱ्हाइकाच्या गुणगुणण्यातून गाणं ओळखण्याचं. नाव कोणालाच आठवत नसे. "ते बघा, बाई नदीवर जाती, त्यातलं" एवढ्यावर मी रेकॉर्ड काढून दिलेली आहे. एकदा एक फौजदार आले, काउंटरवर टोपी ठेवली आणि चौकशीला बसल्यासारखा चेहरा करून एक प्रेमगीत तोंडातल्या तोंडात म्हणून दाखवलं. सूर एकही जागेवर नव्हता. मी गाणं ओळखलं तेव्हा ते इतके लाजले, की टोपी तिथंच विसरून गेले.

एक बाई फक्त कव्हर बघून रेकॉर्ड घ्यायच्या, कारण दिवाणखान्याचे पडदे हिरवे होते. हिरव्या कव्हराच्या रेकॉर्डी त्या काळी फार निघत नसत. शेवटी त्या आमच्या दुकानातून पखवाजवादनाची रेकॉर्ड घेऊन गेल्या आणि समाधानानं गेल्या.

आणखी एक गृहस्थ रेकॉर्ड एसटीच्या टपावर, भाजीच्या पाटीवर ठेवून उन्हातून गावी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा ती परातीसारखी खोलगट झाली होती. "तुमीच वाकडी दिली," म्हणून माझ्याशी भांडायला उभे राहिले. मी म्हटलं, "आता हिच्यात पीठ मळा." ते चिडून निघून गेले आणि पुढच्या महिन्यात नवी रेकॉर्ड घ्यायला आले. यावेळी बरोबर गोधडी आणली होती.

आता निळीचं सांगते. मला या लेखात खरं तेच सांगायचं आहे.

निळी ही एक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड. आजच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की एलपीला दोन बाजू असायच्या. एक बाजू वीसेक मिनिटं वाजायची. ती संपली की माणसानं उठून, रेकॉर्ड उलटी करून, दुसऱ्या बाजूवर सुई ठेवायची. कोणी उठलं नाही, तर दुसरी बाजू आपोआप वाजत नसे. हिच्यात सिनेमातली गाणी नव्हती, मुद्दाम रेकॉर्डसाठी केलेली मराठी गाणी होती. कव्हर गडद निळं. तिचं छापलेलं नाव वेगळं होतं, पण आमच्याकडे सगळे निळीच म्हणत. बाजारात आली आणि बघता बघता तिची दंतकथा झाली. अशी रेकॉर्ड पुन्हा होणार नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. ज्याच्याकडे रेडिओग्राम त्याच्याकडे निळी पाहिजेच, असं झालं. लग्न तर निळीशिवाय लागत नव्हतं.

लग्नात ती वाजवायचे दगडूभाऊ. तालुक्यातले सगळ्यांत जुने लाऊडस्पीकरवाले. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधून त्यांनी एकदा निळी सुरू केली, की तीन वाड्यांवर ऐकू जायची. दुसरे स्पीकरवाले सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे दगडूभाऊ जसं करतील तसं सगळा तालुका करायचा.

अशा या निळीच्या जोरावर माझा काउंटर चालला होता, असं मला वाटत होतं. शेठना तसं वाटत नव्हतं. एका सकाळी गादीवर बसता बसता ते म्हणाले, "सुशीला, दसऱ्यापासून तुझ्या बाजूला शिलाई मशिनं मांडायची. लोक रेकॉर्डी लग्नात फुकट ऐकतात, विकत कशाला घेतील?"

"आणि मी?"

"तू मशिनं विक."

"मला शिवता येत नाही, शेठ."

"रेकॉर्डी विकायला कुठं गाता यावं लागतं?"

माणूस वाईट नव्हता, नोकरी काढून घेत नव्हता. पण मला फार लागलं. घरी मी आईची थोरली मुलगी होते, चर्चमध्ये मागच्या रांगेतली एक गाणारी होते. फक्त या काउंटरमागे मी सुशीलाबाई होते, जिचं मत विचारायला लोक बेलापूरहून आणि लोणीहून येत. शिलाई मशीन घ्यायला येणारी बाई मला काय विचारणार, टाका कसा पडतो? दुपारचा डबा मी तसाच घरी परत नेला.

त्याच आठवड्यात बाळासाहेब आले. उंच, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात निळी. कालव्याकाठी त्यांची बागायत होती. मुलीच्या लग्नाच्या आधी त्यांनी रेडिओग्राम आणि निळी आमच्याकडूनच नेली होती. रेकॉर्ड त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही घ्या परत. लई नाव ऐकलं हुतं म्हनून नेली. हिच्यात काय न्हाई."

"काय नाही म्हणजे?"

"लग्नात बरी वाटती. मानसं असत्यात, बुंदीचा वास असतो, पोरं पळत असत्यात. आता घरी निवांत बसून ऐकली, तर नुसता धांगडधिंगा. सगळी गानी एकाच ठेक्यातली. हिला लोकांनी कशापायी डोक्यावर घेतलंय, मला तर समजंना."

शेठ गादीवरून उठून आले. रेकॉर्डच्या बाबतीत ते कधीच उठत नसत. "मी हेच म्हणतो," ते म्हणाले. "एकानं म्हटलं थोर, की दुसरा म्हणतो थोर. पाच गाणी, पाचही वाजंत्रीची. यापेक्षा आमचा बँड काय वाईट? जिचं एवढं नाव, ती जर परत यायला लागली, तर बाकीच्या रेकॉर्डींचं काय सांगावं?"

दगडूभाऊ सुई घ्यायला आले होते. ते निळीसाठी एकदम पुढे सरसावले. "शेठ, तुमी हे काय बोलताय? निळी नसती तर माझी निम्मी लग्नं हुभी ऱ्हायली नसती. नवरदेव उशिरा आला, लावा निळी. पंगत लांबली, लावा निळी. एकदा सुई ठेवली की मी वीस मिनिटं मोकळा. जेवून येतो, पान खाऊन येतो, तरी ही वाजतीच. अशी रेकॉड पुन्ना व्हनार न्हाई."

"तुमचं जेवण होतं म्हणून ती थोर का, दगडूभाऊ?" मी म्हटलं.

"मग अजून कशानं असती?"

बाळासाहेब हसले. मला मात्र राग आला. निळीला नावं ठेवणाऱ्यांचा आलाच, पण बाजू घेणाऱ्याचा त्याहून जास्त. मी म्हटलं, "शेठ, गाणी पाच नाहीत, दहा आहेत. पाचांवरून तुम्ही सगळीचा निकाल कसा लावता?"

"पाचच आहेत," शेठ म्हणाले. "मी काय कमी लग्नं जेवलोय?"

"पाचच हायेत," बाळासाहेबही म्हणाले. "शेवटचं ते वरातीचं."

वरातीचं गाणं पहिल्या बाजूचं शेवटचं. मी तिघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हटलं, "दुसरी बाजू?"

दगडूभाऊंनी मान दुसरीकडे फिरवली. मी काउंटरवरची बाळासाहेबांची रेकॉर्ड कव्हरातून काढली. पहिली बाजू वाजवून वाजवून धुरकट झाली होती. उलटून पाहिलं, तर दुसऱ्या बाजूवर सुईचा एक ओरखडा नाही, आरशासारखी कोरी. आणि मधल्या लेबलावर चिकटपट्टीची फुली.

"ही कोणी मारली?"

"दगडूभाऊनं," बाळासाहेब म्हणाले. "लग्नाच्या टायमाला माझीच रेकॉड वापरली त्यानं. म्हनला, ही बाजू घरात लावू नगा. रडारड व्हती. चांगली नसती."

मग दगडूभाऊंना सांगावंच लागलं. निळी नवीन असताना एका लग्नात त्यांनी नकळत दुसरी बाजू लावली होती. अंतरपाट धरायची वेळ. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं आईचं आहे. मुलीला सासरी पाठवून आई घरी येते, तिथपासून ते सुरू होतं. कर्ण्यातून ते सुरू झालं आणि नवरीची आई मंडपातच खाली बसली. तिच्यामागून मावशी, मावशीमागून चुलती, शेवटी खुद्द नवरी. काजळ गालावर आलं, भटजी घड्याळ दाखवायला लागले, मुहूर्त टळायची वेळ आली आणि नवऱ्याचा बाप काठी घेऊन दगडूभाऊंच्या मशीनपाशी आला.

"तवापासून मी फुली मारतो," ते म्हणाले. "पोरांनाबी सांगून ठिवलंय, फुलीची बाजू लावायची न्हाई. अन् ताई, पुढं त्या नवऱ्याला मोटारसायकलवरनं पडून लागलं. लोकं म्हनले, हे निळीमुळंच."

म्हणजे असं झालं होतं. तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात निळी वाजत होती, आणि ती अर्धीच वाजत होती. घराघरांत तिच्या लेबलावर फुल्या होत्या. जे तिला थोर म्हणत होते त्यांनी अर्धी ऐकली होती, जे तिला फुकाची म्हणत होते त्यांनीही तीच अर्धी ऐकली होती, आणि दोघं तावातावानं वाद घालत होते. मी स्वतः रोज सकाळी शेठ यायच्या आधी काउंटर पुसताना दुसरी बाजू लावायचे. ती माझ्या कानांत इतकी बसली होती, की बाकीच्यांनी ती ऐकलीच नसेल हे माझ्या मनात कधी आलं नाही. गिऱ्हाईक यायचं, पहिलं गाणं लावा म्हणायचं, दोन ओळी ऐकून घेऊन जायचं. मला वाटे, घरी जाऊन ऐकत असतील.

"शेठ," मी म्हटलं, "येत्या बाजारी दुकानासमोर सगळी निळी वाजवू. दोन्ही बाजू. लोकांनी ऐकली आणि म्हणाले यात काही नाही, तर मी स्वतः रेकॉर्डी खोक्यात भरते आणि मशिनं मांडते. पण लोक म्हणाले नाव सार्थ आहे, तर काउंटर राहील."

शेठना ही कल्पना आवडली. बाजारच्या दिवशी दुकानासमोर गर्दी होणार, यात त्यांचं काही जात नव्हतं. "चालेल," ते म्हणाले. "बाळासाहेब, तुम्हीही या. तुम्ही उगाच कौतुक करणारे नाही."

"येतो की," बाळासाहेब म्हणाले. "ही रेकॉड तवर ऱ्हाऊ द्या हितंच."

दगडूभाऊंना तयार करायला मात्र मला त्यांच्या घरी जावं लागलं. चांगला ॲम्प्लिफायर त्यांच्याकडेच होता. ते ओट्यावर बसून कर्ण्याला रंग लावत होते.

"मशीन देतो," ते म्हणाले. "पन फुलीच्या बाजूवर सुई मी ठिवनार न्हाई."

"मी ठेवीन."

"अन् कर्णा कुठं बांधायचा?"

"कर्णा नको, दगडूभाऊ." कर्ण्याचा आवाज लांब जातो, पण चपटा होऊन जातो. खालचे सूर वाटेतच गळतात, उरतो तो ठेका आणि चिरका गळा. तालुक्यानं निळी आजवर अशी ऐकली होती. मी दुकानातले दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर लावायचं ठरवलं. हे त्यांना सांगितलं तर ते दुखावले. ज्या कर्ण्यानं तालुक्यातली लग्नं लावली, त्याला मी नको म्हणत होते. मी त्यांची समजूत काढत बसले नाही. मला तेवढा धीरच नव्हता.

बाजारच्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीवर टेबल मांडलं. दगडूभाऊंनी ॲम्प्लिफायरला उदबत्ती ओवाळली. हे ते नेहमीच करत, पण त्या दिवशी दोनदा ओवाळली. समोर भाजीवाल्या बसलेल्या, पलीकडे दोरखंडवाला, चपलावाला. शेठ खुर्ची टाकून बसले. बाळासाहेब आले ते त्यांच्या पत्नीला, यमुनाबाईंना, बरोबर घेऊन. बाजार करायला आल्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. नवऱ्याच्या मागे दोन पावलं उभ्या होत्या.

मी बाळासाहेबांचीच रेकॉर्ड काढली आणि पहिली बाजू लावली.

पहिलं गाणं सुरू झालं तसं लोकांनी मान वर करून पाहिलं आणि ओळखीचं म्हणून पुन्हा आपापल्या कामाला लागले. पोरं नाचली. एका भाजीवालीनं मेथी तोलता तोलता तोंडातल्या तोंडात साथ दिली. हळदीचं गाणं, घाण्याचं, मांडवाचं, विहिणींचं, वरातीचं. वीस मिनिटं छान गेली आणि बाजू संपली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"झालं?" शेठनी विचारलं. "कसं वाटलं, बाळासाहेब?"

"सांगितलं ना. वाजायला बरी हाय."

मी रेकॉर्ड उचलली, फुली असलेली बाजू वर केली. दगडूभाऊ टेबलापासून चार पावलं मागे सरले. मी सुई ठेवली.

त्या गाण्यात आधी वाजंत्री नाही, तबला नाही, नुसती एकतारी वाजते. मग गाणाऱ्या बाईचा आवाज येतो, अगदी खालच्या सुरात. त्या एका लग्नात कर्ण्यातून शब्द तेवढे पोचले होते, हा सूर कोणाच्या कानापर्यंत पोचला नव्हता. मुलीला पाठवून आई घरी येते. मुलीनं सकाळी चूल सारवायला घेतलेली, अर्धीच सारवून झालेली. लगबगीत पोतेरं तसंच बाजूला पडलेलं. आता उरलेली चूल आपण सारवावी की तिचा हात फिरलेला आहे तेवढी तशीच राहू द्यावी, हे त्या आईला ठरवता येत नाही. एवढंच गाणं.

मेथीवालीनं तराजू खाली ठेवला. गिऱ्हाईक बाई पिशवी उघडी धरून तशीच उभी राहिली. चपलावाल्याची गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस थांबली. मी गर्दीकडे बघत होते आणि मला बाळासाहेब पुढे येताना दिसले. चेहरा लाल झाला होता.

"बंद करा हे," ते म्हणाले. "भर बाजारात काय लावलंय?"

माझा हात सुईकडे गेला नाही, पण त्यांचा जाणार होता. तेवढ्यात मागून यमुनाबाई म्हणाल्या, "वाजू द्या."

"लोकं बघत्यात."

"बघू द्या." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पोरीच्या लग्नात तुमी म्हनले, रडू नगं, पाव्हने बघत्यात. पाठवनीला म्हनले, रडू नगं, गाडी थांबलीय. घरी आले तर म्हनले, आता कशाला रडायचं, झालं की समदं. माझं कवा व्हायचं मग? आता हे ऐकू द्या मला."

बाळासाहेब तसेच उभे राहिले. मग शेजारच्या कांद्याच्या गोणीवर बसले आणि टॉवेल तोंडावर धरला. त्यांनी घाम पुसला की आणखी काही, हे मी बघितलं नाही. यमुनाबाई मात्र सगळ्यांच्या देखत, कोथिंबिरीची जुडी धरून, मनसोक्त रडल्या. आणि त्या एकट्या नव्हत्या. पाटीमागच्या भाजीवाल्या डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मुहूर्त टळायची कोणाला भीती नव्हती, काठी घेऊन येणारं कोणी नव्हतं.

गाणं संपलं. इथं जर दुसरी बाजू संपली असती, तर दगडूभाऊंची फुली बरोबर होती असं मीही म्हटलं असतं. पण त्यांनी ज्या गाण्याला भिऊन दार बंद केलं, त्याच्या पलीकडे अजून चार गाणी होती. दुसरं गाणं सासरच्या विहिरीवरचं. नवी सून घागर भरताना पाण्यात पाडते आणि सगळ्या आळीतल्या बाया तिची थट्टा करतात. हे सुरू झालं आणि रडत असलेल्या बायका हसायला लागल्या, डोळे पुसायचेही राहिले. तिसरं नवरा-बायकोच्या पहिल्या भांडणाचं, त्याला तर दोरखंडवाल्यानं मोठ्यानं दाद दिली. चौथं मुराळ्याचं, म्हणजे दिवाळीला बहिणीला आणायला निघालेल्या भावाचं. बैलांच्या घुंगरांवर चाललेलं, हळूहळू वेग घेत जाणारं.

आणि शेवटचं. मुलगी दिवाळीला घरी येते. मला माहीत होतं काय होणार आहे. चाल सुरू झाली आणि क्षणभर कोणाला कळेना. मग मेथीवाली म्हणाली, "अगं बाई, हे तर हळदीचं." तीच चाल होती, पहिल्या बाजूच्या पहिल्या गाण्याची, जी प्रत्येक लग्नात वाजून वाजून लोकांना ऐकू येईनाशी झाली होती. फक्त आता संथ, वाजंत्रीशिवाय. अंगाला हळद लावणारी आई आता मुलीला उटणं लावत होती. जे गाणं मंडपात सगळ्या गावासाठी होतं, ते आता घरात दोघींपुरतं झालं होतं. मग हळूच सनई आली, चौघडा आला आणि ती चाल अशी वर चढली, की मी रोज ऐकत असूनही माझ्या अंगावर काटा आला. सबंध रेकॉर्ड एकाच घराची गोष्ट होती. जो ठेका सारखा सारखा वाटतो म्हणून बाळासाहेबांनी ती परत आणली, तो ठेका या घडीसाठी सारखा ठेवलेला होता.

सुई आतल्या रेघेवर घासत राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे बाजारात टाळ्या वाजवत नाहीत. लोक फक्त जागचे हलले नाहीत. मला ते टाळ्यांपेक्षा मोठं वाटलं आणि अजून वाटतं. मला त्या घटकेला इतका आनंद झाला होता, की मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. मी काउंटरवरच्या माणसाला शोभेल असा गंभीर चेहरा करून उभी राहिले.

दगडूभाऊ पुढे आले. ॲम्प्लिफायरवर हात ठेवला आणि मशीनलाच सांगावं तसं म्हणाले, "आन् मी येवढी वर्सं हिच्यावर जेवत हुतो."

बाळासाहेब उठले. टेबलाजवळ आले आणि रेकॉर्ड परत मागायला हात पुढे केला. पण ती यमुनाबाईंनी घेतली. कव्हरात नीट घातली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ही आता माझी. तुमी शेतकीच्या बातम्या ऐका." कोथिंबीर त्यांनी बाळासाहेबांच्या हातात दिली. मी त्यांना म्हटलं, उन्हात धरू नका, वाकडी होते. त्या म्हणाल्या, "पोर सांभाळलीय मी, बाई. हीबी सांभाळीन."

आता राहिले शेठ. ते खुर्चीतच होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मग शेठ, निकाल काय? नाव सार्थ आहे की नाही?"

एवढ्यात मेथीवालीनं तिकडूनच हाक मारली, "ए बाई, परत लाव की. पयली बाजू मी नीट ऐकलीच न्हाई, गिऱ्हाईक करत बसले हुते."

"व्हय व्हय, पयल्यापासून लावा," दोरखंडवाला म्हणाला.

शेठ खुर्चीतून उठले, दुकानात गेले, आणि माझ्या काउंटरमागून स्वतःच्या हातानं नवी कोरी निळी काढून घेऊन आले. इतकी वर्षं त्या दुकानाचे मालक, पण रेकॉर्ड कशी धरतात हे त्यांना माहीत नव्हतं. अंगठा थेट रेघांवर ठेवला होता. मी त्यांच्या हातातून ती घेतली आणि कडेला धरून दाखवली. त्यांनी तशी धरली.

"सुई कुठं ठेवायची?" त्यांनी विचारलं.

"अगदी बाहेरच्या रेघेवर. हळू."

त्यांनी ठेवली. हळदीचं गाणं सुरू झालं, तेच, वाजंत्रीचं, ठेक्याचं, आणि या वेळी कोणी आपल्या कामाला लागलं नाही. शेठ खुर्चीत परत बसले नाहीत, माझ्या शेजारीच उभे राहिले. वरातीचं गाणं संपलं तसे ते माझ्याकडे वळले आणि अगदी घाईनं म्हणाले, "सुशीला, उलट. लवकर उलट."

मी उलटली. पुढे सबंध नोकरी मी त्याच काउंटरमागे काढली.